विहिरीतलं डिझेल

४ जानेवारी
मुरुडजवळ भानुदासकाकांच्या रानात जाऊन आले. बांधावर डिझेलचा टँकर उलटला त्याला पंधरवडा झाला. विहिरीवर तवंग. पोत्यांनी टिपून काढला तरी झऱ्यातून परत येतो. काका म्हणाले, "बाई, भूकंपात घर गेलं, बायको गेली. ही हीर तिनं अन् म्या खांदलेली. आता ही बी गेली का?" मी लातूरला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, एवढ्यावर त्यांचा भरवसा. बांधाची माती डब्यात भरून आणली.

१२ जाने.
दोन बरण्या लावल्या. दोन्हीत तीच माती, पाणी, चिमूटभर खत, डिझेलचे थेंब. एकीतली माती उकळून घेतलेली, त्यातले जिवाणू मेलेले. हलवायचं यंत्र बंद, हातानेच हलवतेय. प्रॅक्टिकलला तीन पोरी. बाकी सगळे कोचिंगला.

२६ जाने.
उकळलेल्या बरणीत तवंग तसाच. दुसरीत फुटलाय, पाणी गढूळ. म्हणजे वाढलेत! बाहेरून काही आणलं नाही, त्याच मातीतले जिवाणू डिझेल खातायत. घरी सांगितलं. नवरा, अस्लम, म्हणाला, "मुबारक. पण क्लासवाल्यांना काय सांगू?" त्याच्या दोस्ताच्या क्लासमध्ये बायोलॉजीची जागा आहे. मी बरण्यांची नोंद लिहायला घेतली.

३ फेब्रु.
डिझेल मुरलेला पट्टा खणला, हवा खेळावी म्हणून. युरिया, सुपर फॉस्फेट, वर पाणी.
"पीक न्हाई, अन् किड्यायला खत?"
"हाव, काका."
हसले. मला विचारलं, "कवर लागंल?" होळीपर्यंत वास जाईल, असं मी बोलून बसले. बोलायला नको होतं.

होळी
वास आहे. काकांची गाय त्या विहिरीचं पाणी पिऊन मेली. दावं तोडून उपसलेल्या पाण्याच्या हौदावर गेली होती. मला आठ दिवसांनी कळवलं.
वर एक गोष्ट आज कळली. पट्टा ओला ठेवा म्हणाले होते मी. ते वस्तीच्या हापशावरून डोक्यावर हंडे आणून भिजवतात. रोज. या वयात.
माफी मागायला गेले तर तेच म्हणाले, "तुमचे किडे लई बारके हायत, बाई. टाइम लागंल."
बसमध्ये रडू आलं.

१८ एप्रिल
प्राचार्यांनी बोलावलं. पुढच्या वर्षापासून प्रयोगशाळा बंद. "मॅडम, तीन मुलींसाठी...?" वाक्य पुरं केलं नाही त्यांनी.
क्लासला होकार कळवला. अस्लम खूश. अम्मीला फोनवर सांगताना माझा आवाज मलाच परका वाटला.

३० मे
काका सकाळीच आले, बाटली घेऊन. विहिरीचं पाणी. नितळ. नाकाशी धरलं, वास नाही. पट्ट्यात हराळी उगवलीय म्हणतात.
"बाई, प्यावं का आता?"
वास नाही म्हणजे डिझेल नाही, असं नसतं. तपासणीला पुण्याला नमुना पाठवलाय, उत्तर नाही. कॉलेजात तपासायला काही उरलं नाही. प्रयोगशाळेतली कपाटंसुद्धा उचलून नेली.
चहाच्या निमित्ताने आत आलेय. ते बाहेर बाटली मांडीवर घेऊन बसलेत. आधण उकळून उकळून निम्मं झालं...