परक्या जातीचा नर

भोर, नोव्हेंबर १९३८

लेकीत ज्याचं काहीच उतरत नाही, तो नर त्या मासळीला लागतो तरी कशाला? घरात पहिली बी. एस्सी. झाले, पण मला सांगता येत नाही. मेक्सिकोत ती सापडते, असं वाचलं. सगळ्या माद्याच. परक्या जातीच्या नराशिवाय पिल्लं होत नाहीत, तरी लेकी हुबेहूब आईसारख्या.

परवा बारशाला अक्काच्या सासूबाई म्हणाल्या, "तिसरीबी पोरगीच, अन् तोंडवळाबी आईचाच!" अक्काचा चेहरा उतरला. तिला धीर यावा म्हणून मी त्या मासळीची गोष्ट सांगितली. का सांगितली?

"म्हंजी पोर आमच्या लेकाची न्हाई म्हणतीस व्हय?"

अक्काला आता न्यायला येणार नाही, असं बजावून त्या वेल्ह्याला निघून गेल्या. नाव ठेवणारी बाळाची आत्याही त्यांच्यामागे गेली, म्हणून बारसं अर्धंच राहिलं. माणसाचं तसं नसतं, निम्मं बापाचंच असतं, हे मी दारापर्यंत ओरडत गेले. अक्का रागावलीसुद्धा नाही. बिननावाचं बाळ थोपटत बसली.

आज वेल्ह्याला जाऊन आले. सासूबाईंचे पाय धरले आणि म्हणाले, अशी मासळी जगात कुठेच नाही, मी ती मनाने रचली होती.