हळदीपुढचं वजन

अण्णा, सकाळपासून दुकानात तुमच्या खुर्चीवर बसलोय आणि माझ्यानं सामानाची एक यादी काढून होत नाही. तुम्ही असता तर अर्ध्या तासात डबे उघडून, पुडे बांधून, दोऱ्याची गाठ दातानं तोडून मोकळे झाला असता. यादी तिच्या लग्नाची आहे. ती म्हणजे कोण, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. अंगणवाडीवाल्या बाईंची लेक, तुमच्या वेळेला दोन वेण्या घालून आईचा पदर धरून यायची. तुम्ही तिला बरणीतली लिमलेटची गोळी द्यायचे आणि मी हात पुढं केला की म्हणायचे, "तुझं तर दुकानच हाय." माझा जळका स्वभाव तिथूनच सुरू झाला, असं आई म्हणते. असेल. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, पण ती गोळी तिच्या गालात फुगलेली मला आत्ताही दिसते.

तुम्हाला ठाऊक नाही अशा गोष्टी सांगतो. मी वसमतला कॉलेजला होतो, दुसऱ्या वर्षापर्यंत. मग लॉकडाऊन लागला, होस्टेल रिकामं करा म्हणाले, आणि मी पिशवी उचलून घरी आलो तो परत गेलोच नाही. लोकांना सांगतो, आईला एकटीला दुकान झेपत नव्हतं. प्रॅक्टिकलच्या सरांशी माझी हमरीतुमरी झाली होती, हेही सांगतो, त्यात जरा मर्दपणा वाटतो. दोन्ही खरं आहे. पण परत न जायचं कारण एवढंच होतं की ती गावात होती आणि वसमतला नव्हती.

लॉकडाऊन म्हणजे काय, तुम्हाला कसं सांगू. मोठा आजार आला म्हणून सगळ्या देशाला घरात बसवलं. आठवडी बाजार बंद, एसटी बंद, गावाच्या तोंडाला बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकलेल्या. बाहेरचं कुणी आत घ्यायचं नाही, त्यातून पुण्या-मुंबईचं तर मुळीच नाही, असं पारावर ठरलेलं. दुकान तेवढं सात ते अकरा उघडं. आईनं दारापुढं चुन्यानं गोल आखले होते, एका माणसाला एक गोल. दोन दिवस लोक गोलात उभे राहिले. तिसऱ्या दिवसापासून गोलात चपला ठेवून समोरच्या लिंबाखाली एकमेकांना खेटून बसायला लागले. पोलिसांची गाडी आली की पळत येऊन आपापल्या चपलेत उभे राहायचे. तुमच्या दुकानापुढं इतकी शिस्त कधी नव्हती, अण्णा, आणि ती पाळली चपलांनी. काउंटरला मी आडवी दोरी बांधली होती आणि दोरीला एक पत्र्याचा डबा. ज्यानं त्यानं आपली यादी डब्यात टाकायची. मी काढायची, सामान भरायचं आणि यादी वाचून घराला हाक मारायची.

तिची यादी मला घडीवरूनच ओळखू यायची. वहीचं अर्धं पान, चार घड्या, आणि पहिल्या ओळीत इथल्या रीतीप्रमाणे नुसती हळद. आपल्याकडं हळद विकत घेतो कोण? ज्याला शेत नाही त्याच्या घरीसुद्धा शेजारच्याची पाटीभर येऊन पडते. पण यादीची सुरुवात हळदीनं करायची, पुढं वजन लिहायचं नाही, आणि दुकानदारानं शकुनाची म्हणून चिमूटभर कागदात बांधून वर ठेवायची, ही रीत तुम्ही पाळली, ती आम्हीही पाळतो. तिची चिमूट मी जरा मोठी बांधायचो. दुसरं माझ्या हातात काय होतं? मार्चच्या सुरुवातीला वसमतचा एक जण तिला पाहून गेला होता, खताच्या दुकानाचा मालक. पसंती कळवतो म्हणाला आणि लॉकडाऊन लागला. मी त्या आजाराचे मनातल्या मनात आभार मानले होते. असं कुणी मानतं का? मी मानले.

एप्रिलात एक दिवस तिची यादी आली. वर हळद तिच्या अक्षरात. खाली शेवटच्या दोन ओळी दुसऱ्याच कुणाच्या. दाबून लिहिलेलं, तिरकं, बाप्याचं अक्षर. दाढीचा साबण, रेझर. आणि कणीक नेहमीच्या दीडपट. तिच्या घरी दोन बायका, ती आणि तिची आई. भाऊ पुण्याच्या कंपनीत. आदल्याच आठवड्यात मी विचारलं होतं, "दादा कसाय तुझा?" तर म्हणाली, "खोलीवरच अडकलाय. डबा मिळतो म्हणं." तोंडावर मास्क, नजर डब्यावर. मला ते खरं वाटलं. तिचं मला सगळंच खरं वाटायचं. म्हणून त्या तिरक्या अक्षरात मला एकच माणूस दिसला, तो वसमतचा खतवाला. काटे ओलांडून आलाय, तिच्या ओट्यावर बसलाय, ती यादी लिहून राहिली आणि हा तिच्या हातातून पेन घेऊन म्हणतोय, थांब, मी लिहितो. पेन घेताना बोटं लागली असतील, इथपर्यंत मी गेलो. साखरेचं माप हातातच राहिलं.

आता तुम्हाला गुरुजी आठवत असतील. मी पाचवीत असेन. गुरुजींची यादी मी वाचून दाखवत होतो आणि दुकान भरलेलं असताना ओरडलो, "अण्णा, गुरुजी केस काळे करतेत!" सगळे हसले. गुरुजीही हसले, आणि पुढचे दोन महिने कळमनुरीहून सामान आणत राहिले. त्या दिवशी तुम्ही मला मारलं नाही. दोन महिन्यांनी एका दुपारी, उन्हात, चहाच्या पुड्यात केस काळे करायची पुडी घातली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "यादी म्हणजे माणसाचं घर असतंय. तुला दारात उभं केलं म्हणून आतलं गावात सांगू न्हाई. जा, देऊन ये. अन् गुरुजीला म्हण, मी बोललो. नुसतं चुकलं म्हणू नको. मी बोललो, म्हण." मी गेलो. गुरुजींनी पुडा घेतला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. बस एवढंच. वाटलं, सोपं असतं हे.

एप्रिलातल्या त्या सकाळी लिंबाखालून कुणीतरी ओरडलं, "काय रे, पावशेर साखरेला एवढा येळ? ऊस लावून राहिला काय?" सगळे हसले. मी यादी हातात धरून म्हणालो, "थांबा की. आधी पाव्हण्याचं काढू द्या. अंगणवाडीवाल्या बाईच्या घरी पाव्हणा उतरलाय. दाढी करायची हाय त्याला." हे मी कुणाला सांगत होतो? ती तिथं नव्हती, यादी टाकून घरी गेली होती. तिच्यापर्यंत जावं, तिला लागावं, एवढंच डोक्यात होतं. लिंबाखालचं हसणं थांबलं. "कुठला पाव्हणा? कुठून आला?" मी साखर मोजायला लागलो, तर दुसराच म्हणाला, "कुठून येणार? पुण्याहून!" तिसऱ्या गोलात तिच्या शेजारची काकू उभी होती. या काकूनं ब्लाऊजपीसचे मास्क शिवून अख्ख्या गल्लीला वाटले होते. तिच्या तोंडावर हिरवा मास्क होता, वर नुसते डोळे. त्या डोळ्यांनी तिनं माझ्याकडं जे पाहिलं त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

दुपारी चारपर्यंत तिच्या दाराला बाभळीचे काटे लागले. घरात खतवाला नव्हता. तिचा भाऊ होता. पुण्याहून सहा दिवस चालत, ट्रकच्या मागं लटकत आलेला, तळपायाची सालटं निघालेला. त्याला आठ दिवस त्यांनी आतल्या खोलीत ठेवलं होतं. पोलिसांच्या गाडीमागं ॲम्ब्युलन्स आली. लोक माळवदांवर, गच्च्यांवर उभे राहून बघत होते. त्याला चालता येत नव्हतं, तर ती त्याला धरून काट्यांपर्यंत आली आणि तिथं थांबली. तो चौदा दिवस शाळेत राहिला, त्याला काही झालं नाही, नंतर परत गेला. पण ते चौदा दिवस त्यांची यादी डब्यात टाकू द्यायची नाही, असं लोकांनी आईला बजावलं. कागदाला आजार असतो म्हणे. मग अकरा वाजता सगळे गेल्यावर ती काट्यांच्या पलीकडून यादी ओरडून वाचायची. हळद. तूरडाळ एक किलो. तेल. खोबरं नको. तिच्या घरात काय शिजतं आणि काय शिजत नाही, सगळं गाव घरात बसून ऐकायचं.

एक दिवस ती यादी वाचता वाचता थांबली. "अजून…" म्हणाली आणि, "ऱ्हाऊ दे." मला कळलं. बाईमाणसाला लागणारं ते पाकीट मी पेपरात गुंडाळलं, तांदळाखाली ठेवलं आणि पिशवी काट्यांपाशी ठेवून मागं सरलो. दुसऱ्या दिवशी ती पलीकडूनच म्हणाली, "अण्णांवर गेलास रे तू." खरं सांगतो, मला आनंद झाला नाही. तुमचा राग आला. मेलेला माणूस येऊन माझं तेवढंही कौतुक घेऊन गेला असं वाटलं. आणि बोलायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "अजून काही पाहिजे?"

वसमतचं ते जुळता जुळता मोडलं. पोलिस आलेलं घर नको म्हणाले. त्या रात्री मी पोटभर जेवलो. तिनं आणि तिच्या आईनं दोष दिला तो काकूला. लिंबाखालच्या कुणी माझं नाव काढलं नाही, सगळ्यांची उधारी आमच्या वहीत होती. भाऊ आलाय हे बाहेरच्या एकाच माणसाला माहीत होतं. भिंत एक, मागच्या दारानं दूध तीच द्यायची. तेव्हापासून त्या दोन घरांत बोलणं नाही. मधली भिंत हातभर वाढवली. मागचं दार बुजवलं. काकूच्या नातवाचं बारसं झालं, तिच्या घरचं कुणी गेलं नाही.

दोन वर्षांनी काकू एकदा भर दुपारी चहापत्ती न्यायला आली. दुकानात कुणी नव्हतं. मी विचारलं, "काकू, तुमाला तर माहीत हाय कोण बोललं. तुमी सांगितलं काहून न्हाई?"

ती पिशवीचा बंद गुंडाळत राहिली. म्हणाली, "तुझ्या बापाच्या दुकानात ऐकलेलं मी भायेर नेत न्हाई. माझ्या घरातलं त्यांनी कधी नेलं न्हाई." मग जाता जाता, "तुझं तू बघ, लेकरा."

कशी जिरवली बघा, अण्णा. लेकरा म्हणून.

आज ती स्वतः यादी द्यायला आली होती. नवरा हिंगोलीचा, सरकारी दवाखान्यात औषधं देतो. म्हणजे तोही खिडकीत बसून कागद वाचतो आणि पुड्या देतो, फक्त त्याला पगार मिळतो आणि ती मिळतेय. फोटो दाखवला. भांग नीट पाडलेला, हसरा. मी म्हणालो, "केस पुढून जरा पातळ होऊन राहिले." ती हसली, "तू न्हाई सुधरायचा." मग म्हणाली, "गल्लीत सगळ्यांना पत्रिका दिल्या. काकूला सोडून. आई न्हाईच म्हणती." माझ्या तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, "तुमचं तुमी बघा." तुमचंच शिकवणं पुढं केलं, दुकानदारानं तोंड उघडू नये. तुम्ही दोन गोष्टी शिकवल्या होत्या. दुसऱ्याचं बोलू नये, आणि आपलं असेल ते बोलावं. मी पहिलीच्या आड पाच वर्षं लपलोय.

ती गेल्यावर यादी उघडली. चार घड्या. पहिल्या ओळीत हळद, आणि पुढं सव्वा किलो, लग्नात लावायची. इतक्या वर्षांत तिच्या हळदीपुढं मी पहिल्यांदा वजन वाचलं. तराजूत घातली. काटा बराबर आला. मग मी त्यातली एक मूठ काढली. कुणाला कळलं असतं? थोडा वेळ ती मुठीतच धरून बसलो आणि मग परत टाकली. हात पिवळा झालाय, या कागदावरही डाग पडलेत.

हे तुम्हाला पाठवायचं कुठं, तेव्हा गल्ल्यातल्या खणात, तुमच्या चष्म्याखाली जाईल. पण एक सांगून ठेवतो. ती रेझरची यादी मी फाडली नव्हती. ती त्याच खणात होती. चार वाजता ती सामान न्यायला येईल, तेव्हा हळदीच्या पुड्यावर ती ठेवायची आणि गुरुजींना म्हणालो तसं म्हणायचं, असं मी ठरवलं. भीती शिव्यांची नाही. तिला कळलं की ती मला "तू न्हाई सुधरायचा" असं कधी म्हणायची नाही, आणि तेवढंच एक आहे जे त्या हिंगोलीवाल्याला अजून मिळालेलं नाही. दोनदा यादी पुड्यावर ठेवली, दोनदा काढली. सव्वातीन झालेत. काकूसाठी एक कोरी पत्रिका मी तिच्याकडून मागून घेतलीय, दुकानात लावायची असं खोटंच सांगून. आणि यादी, अण्णा, आत्ता माझ्या खिशात आहे.