हदगावच्या काट्यावरचे साठ किलो

सोमवार, ५ मे २०२५

पोचलो एकदाचा! नांदेडहून बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, म्हणजे मुहूर्त चांगला. कापसाच्या जिनिंगचे मॅनेजर रामलिंगअप्पा स्वतः स्टँडवर घ्यायला आले. हंगाम संपल्यामुळे हदगावच्या या जिनिंगवर चिटपाखरू नाही. नुसतं ऊन, आणि कुंपणाच्या तारेला अडकलेला कापूस. ऑफिसची खोली मलाच राहायला दिली आहे. आईला लातूरला फोन करून सांगितलं, राजवाडा मिळालाय. ती म्हणाली, राजवाड्यात माठ आहे का ते बघ आधी. माठ आहे.

काम झकास आहे. मालकांचे दोन वजनकाटे: एक इथं, खिडकीसमोर, दुसरा माहूरच्या वाटेवरच्या जिनिंगवर, तीही सध्या बंदच. गाडी काट्यावर चढली की वजनाचा आकडा सिरीयल केबलमधून संगणकात येतो. दोन्ही काट्यांचे आकडे इथं एकाच ठिकाणी हवेत, पण ही केबल फार लांब नेता येत नाही. मग काय करायचं, तर काट्याला एक छोटी डबी जोडायची, ती आकडा नेटवर्कवर सोडते. इकडं लिनक्सच्या संगणकावर मी एक आभासी पोर्ट, म्हणजे केबल खोचायची खोटी खाच, उभा करतो. वजनाच्या सॉफ्टवेअरला वाटतं, केबल पाठीमागंच खोचली आहे. बिचाऱ्याला आपण बनवायचं, एवढंच. हे जमलं की नांदेडच्या ऑफिसात कायमची जागा, असं रामलिंगअप्पा म्हणाले.

मंगळवार, ६ मे

रस्त्यापलीकडं पार्वतीबाईंचं हॉटेल आहे. दुपारी डबा घेऊन त्याच आल्या. भाकरी, ठेचा, वरण, आणि सोबत तोंडाचा पट्टा. "लई वाळलेले दिसून राहिले, लातुरात जेवाय देत न्हाईत का?" म्हणाल्या. मी म्हटलं, देतात, अंगाला लागत नाही. मग त्यांनी सूनबाईचं सगळं पुराण सांगितलं. मला ऐकायला आवडलं. त्या गेल्यावर आवार इतकं गप्प झालं की उगाच मोबाइलवर बातम्या लावून ठेवल्या. एकटा जीव सदाशिव म्हणतात, पण सदाशिवाला निदान नंदी तरी असतो.

गुरुवार, ८ मे

दोन्ही पोर्ट उठले! एकाला हदगाव नाव दिलं, दुसऱ्याला माहूर. आता तपासणी. रीत अशी की काट्यावर लोखंडी प्रमाण-वजनं ठेवून बघायचं. ती नांदेडच्या गोदामात, सोमवारी येणार. तोवर कोण थांबतो? माणूस काय वजन नाही का, म्हटलं.

तात्पुरता पूल बांधला: हदगावच्या पोर्टात जे येईल ते माहूरच्या पोर्टातून बाहेर पडेल, म्हणजे तिथल्या लाल आकड्यांच्या बोर्डावर दिसेल. आणि मीच काट्यावर जाऊन उभा राहिलो. इथं साठ किलो. काल डबी जोडायला माहूरला गेलो तेव्हा तिथले राखणदार सटवाजी भेटले होते, त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "साठ आलंय बगा. अन् काट्यावर तर कोणीच न्हाई!" आम्ही दोघंही हसलो. खरं सांगतो, फार बरं वाटलं. इतक्या लांब कुणीतरी मला वाचून दाखवलं.

शनिवार, १० मे

पूल कालच काढला. तरी माहूरच्या पोर्टावर पाच किलो दिसतात. काटा रिकामा आहे. धूळ साचली असेल म्हणून सटवाजींना झाडून घ्यायला सांगितलं. त्यांनी झाडलं, तर दहा.

सहज म्हणून आपल्या काट्यावर उभा राहिलो. पन्नास. उतरून पुन्हा चढलो. पन्नासच. आमचा काटा पाच-पाचच्या टप्प्यानं मोजतो, थोडं इकडंतिकडं होणारच, हे मला कळतं. पण दहा आणि पन्नास मिळून किती होतात, हेही कळतं.

रविवारी घरी जाणार होतो. आईला सांगितलं, काम अडलंय.

सोमवार, १२ मे

लोखंडी वजनं आली. काट्यावर ठेवली. आकडा चोख. म्हणजे काटा बरोबर आहे, चूक माझ्यात आहे. मी आज चाळीस.

आरशात तसाच दिसतो. पँटही सैल झालेली नाही. आभासी पोर्ट मोडले, लिनक्स बंद करून पुन्हा चालू केलं, शेवटी सटवाजींना सांगून तिथल्या डबीची नेटवर्कची वायरही काढली. त्यांनी बोर्डावरचा आकडा वाचून दाखवला. वीस. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लोखंड येईपर्यंत थांबलो असतो तर काय बिघडलं असतं?

आवारातल्या धुळीत माझ्या चपलांचे ठसे नीट उमटत नाहीत.

पार्वतीबाईंनी डबा ठेवला आणि न बोलता गेल्या. घाईत असतील.

बुधवार, १४ मे

सटवाजींनी आपणहून फोन केला. म्हणाले, "साहेब, येणार म्हणून सांगायचं तरी. कवाचे उन्हात काट्यावर उभे हायत. हाक मारली तर नुसतं हसून राहिले." मी ओरडून सांगितलं की मी हदगावला आहे. त्यांना गंमत वाटली. काट्यावरच्या माणसाला त्यांनी सावलीत नेलं, पाणी दिलं. तो गार पाणी गटागट प्यायला म्हणे.

माझ्या घशाला कोरड पडली आहे. मी तीस.

माहूरला जायला रस्त्यावर उभा राहिलो. हात केला. बस थांबली नाही. दुसरीही नाही. ड्रायव्हरनं मी होतो तिथं पाहिलं, आणि गाडी पुढं काढली. मला भीती वाटते. नुसती भीती नाही, लाजही वाटते, ओळखीच्या माणसानं ओळख न दाखवल्यावर वाटते तशी.

शुक्रवार, १६ मे

पार्वतीबाई दारात आल्या. साहेब, साहेब म्हणून हाका मारल्या. मी बाजेवर बसलो होतो. ओ दिली. जोरात दिली. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "न सांगताच गेलं की लेकरू. बरं होतं," असं पुटपुटल्या. कालचा डबा तसाच पाहून जरा रागावल्या. मग बाहेरून कडी घातली.

मी बसलोय ती बाज जराही खाली गेलेली नाही.

सटवाजींना फोन. ते नुसतं हॅलो हॅलो करत राहिले. मग शेजारी कुणाला तरी म्हणाले, साहेब, कोणाचा तरी फोन हाय, बोलून न्हाई राहिले. मागून आवाज आला, असू द्या, ठेवा.

माझा आवाज होता.

शनिवार, १७ मे

पंखा बंद केला. वाऱ्यानं भिंतीकडं सरकत होतो —

इथले पोर्ट मी पुन्हा उभे केले, आणि तिकडं माहूरची वायर कुणीतरी परत जोडली. पडद्यावर आकडा आला. पंचावन्न. बराच वेळ पंचावन्न. मग एकदम शून्य.

तो काट्यावरून उतरला.

कुठं निघाला, ते मला ठाऊक आहे. मी असतो तर तिथंच गेलो असतो —

रविवार, १८ मे

आईला फोन लावला. उचलला. आई, आई म्हणत राहिलो. तिला काही ऐकू येईना. मागं ताटवाटीचा आवाज. ती त्याला म्हणाली, यज्ञेशा, तुझ्याच नंबरावरून फोन येतोय रे, आणि तू तर इथं बसलायस. तो म्हणाला, नेटवर्कचा घोळ असतो, आई.

मग तो तिला पार्वतीबाईंच्या सुनेची गोष्ट सांगायला लागला. आई हसली. बाबा गेल्यापासून ती अशी हसलेली मी ऐकली नाही. म्हणाली, किती दिवसांनी असा मोकळा बोलतोयस, अजून एक पोळी वाढू?

वाढ, म्हणाला.

मी ऐकत राहिलो. तिनं ठेवला —

पूल पुन्हा तयार ठेवलाय, उलटा. माहूरकडून हदगावकडं. कालच सगळं लिहून ठेवलं होतं, शेवटचं एन्टर तेवढं दाबायचं. दाबलं तर मी परत मिळेन. पण मग तिच्यासमोरचं ताट — अर्धी पोळी — ती हाका मारील —

नाही. माझी आई आहे. माझी.

दाबतोय. बटण खाली जात नाही. दोन्ही हातांनी. पूर्ण अंग टाकून — अंगच नाही —

शाई फिकी येतेय. पेन दाबून लिहितोय तरी —

आई, तो मी नाही. मी इथं आहे, हदगावला, दाराला बाहेरून कडी आहे, कुणाला तरी पाठव. आई, मी य