डोंगरावर निघाले तर नारळ आले

कोलशेत कोळीवाडा,
गौरी बोळवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी

तीर्थस्वरूप नीलाताईस,

धाकट्या दक्षताचा पाया पडून नमस्कार. इकडे सगळे खुशाल. तुझी कंबर कशी आहे ते कळव (उत्तर ‘बरी हाय’ असंच येणार हे ठाऊक आहे, तरी विचारायची पद्धत). शहाड काही सातासमुद्रापार नाही, हातात फोन आहे, मग पत्राचं काय खूळ, असं तू म्हणशील. फोनवर तू माझं एकही वाक्य पुरं होऊ देत नाहीस म्हणून पत्र. मी ‘ताई, ऐक ना’ म्हणेपर्यंत तुझ्या पाटीसमोर कुणीतरी पापलेटचा भाव विचारतं, तू त्याच्याशी भांडायला लागतेस आणि मी इकडे हॅलो हॅलो करत बसते. कागदाला गिऱ्हाईक येत नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच.

बातमी अशी की मी नवरात्रात सात दिवस डोंगरात चालायला जाणार आहे. रतनवाडीपासून हरिश्चंद्रगड, नाणेघाट करत भीमाशंकरपर्यंत, पाठीवर सामान घेऊन, रात्री तंबूत झोपायचं. (आत्ता तू कपाळावर हात मारलास. काढ तो हात.) झालंय असं की तुझी भाची रुचिता नोकरीला लागल्यापासून आणि सासूबाईंनी गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतल्यापासून हे घर माझ्याशिवाय छान चालतं. मला आधी आनंद झाला, मग राग आला, आणि आता घरात बसवत नाही. दुपारी आडवी पडले तरी पाय हलत असतात. खाडीवर जाऊन उभी राहते, परत येते, डबे पुसते, पुसलेले परत पुसते. हे एवढं लिहितानाही दोनदा उठून सॅक बघून आले, जणू ती माझ्याशिवाय निघून जाणार आहे.

नेणारा मुलगा डोंबिवलीचा, यज्ञेश नाव. पोरगा गुणी आहे, पण अटी फार. त्यातली मुख्य अट ही की तंबू दोघांचा असतो आणि बाईच्या जोडीला बाईच हवी. येत्या गुरुवारपर्यंत जोडीदारीण मिळाली तर ठीक, नाही तर माझं नाव कापणार. म्हणजे सगळं अडलंय ते एका बाईवर. तिचा शोध कसा चाललाय ते पुढे सांगते, आधी नारळांचं ऐक.

चूक माझी एवढीच की गणपतीच्या दर्शनाला आलेल्या बायकांसमोर मी बोलून गेले, ‘नवरात्रात सात दिवस डोंगरावर चालत चालले.’ आता तूच सांग, आपल्या लोकांत डोंगर म्हणजे कुठला? बाकीचे डोंगर सरकारचे, आपला एकच, एकवीरा आईचा. झालं. संध्याकाळपर्यंत सगळ्या वाड्यात झालं की सुदेशच्या बायकोने पदयात्रेचा नवस बोललाय. कशाचा नवस, यावर दोन मतं पडली (एक रुचिताच्या ठरलेल्या लग्नाचं, दुसरं सुदेशच्या दारूचं, तो बिचारा लिंबू सरबतावर असतो). दुसऱ्या दिवसापासून जी येईल ती मोदक खाते, आरती घेते आणि जाताना माझ्या हातात नारळ ठेवते, ‘आयला माझापन दे गो.’ मी सांगून बघितलं की मी कार्ल्याला जातच नाही, माझी वाट वेगळी. तर त्या हसतात. नवस उघड करायचा नसतो म्हणून मी लपवतेय असं त्यांना वाटतं. सासूबाईंना तर मी नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाल्या, ‘सगले डोंगर आईचेच. माजी ओटी पन ने.’ ओटी घेतली. देवीच्या नावाने आलेला नारळ परत करायला माझी जीभ उचलत नाही. त्यात शेजारच्या जनाबाई काकींनी नातवाच्या नोकरीसाठी बोललेला कोंबडा आणून दिला. तो आमच्या गच्चीत बांधलाय आणि त्याला पहाट कधी होते याचा अंदाज नाही.

आता यज्ञेशने बजावलं होतं की रोज पाठीवर दहा किलो घेऊन चालायची सवय करा. दहा किलो काय घेणार? तांदूळ काढले असते तर सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. नारळ आयते होते. ते सॅकेत भरले आणि सकाळी नव्या टॉवरांकडे निघाले. चढावर झकास चालले, मनात म्हटलं हरिश्चंद्रगड काय चीज आहे. उतारावर सॅकेची चेन तुटली. एकेक नारळ टप टप करत उड्या मारत खाली, मी मागे, माझ्यामागे टॉवरचा वॉचमन शिट्टी वाजवत. खाली सकाळी पळणारी मंडळी, कानात गाण्याची बोंडं घालून. एका बाईने पायाने नारळ अडवला, वाकून बघते तर त्याला हळद-कुंकू. तिने भर रस्त्यात बूट काढले आणि नमस्कार केला. मग बाकीचे कसे मागे राहतील? सगळ्यांनी नारळ गोळा करून ओंजळीने मला आणून दिले, वॉचमनने शिट्टी खिशात घातली. मी लाजेने अर्धी झाले. संध्याकाळी टॉवरमधूनही दोन नारळ आले.

तर जोडीदारीण. सुदेश चालत नाही, तो बाई नाही. तरी विचारलं, तर म्हणाला की तिथे जेवायला हॉटेल किती वाजेपर्यंत उघडं असतं. रुचिताला रजा नाही. मग त्याच बूट काढणाऱ्या बाई, रचना त्यांचं नाव, माझ्याबरोबर यायला एका पायावर तयार झाल्या. चार दिवसांत त्यांनी बूट, काठ्या, डोक्याला बांधायचा दिवा, सगळं आणलं. माझ्यापेक्षा जास्त. आणि काल विचारतात, संडासाची सोय कशी असते? मी खरं सांगितलं. त्यांनी दिवा तेवढा मला देऊन टाकला.

ताई, आता तू ओळखलं असशील. भावोजी गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तू बाजार ते घर आणि घर ते बाजार. रुचिताच्या साखरपुड्यालासुद्धा तू डबाभर कोळंबी पाठवलीस, आली नाहीस. विचारलं की ‘पाटी कोण बघल?’ म्हणून मी मुद्दाम नवरात्र निवडलंय. तेव्हा तुझ्या पाटीवर माशीसुद्धा बसत नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत डोक्यावर टोपली घेऊन जिने चढलेली बाई तू, तुला डोंगराचं काय? कंबरेचं कारण सांगू नकोस, कंबर बसून धरते. मला तुझी काळजी वाटते, हे फोनवर सांगायला गेले की माझाच आवाज फुटतो, म्हणून इथे लिहिलं. वाचून झालं की यावर बोलू नकोस.

मोठ्यांना नमस्कार, तुझ्या मांजरीला एक बोंबील.

तुझी,
दक्षता

ता. क. नारळ आणि ओट्या सुदेश गाडीने कार्ल्याला पोचवणार आहे. कोंबड्याबरोबर एकटा गाडीत बसायला तो तयार नाही, म्हणून जनाबाई काकीही जाणार. वाड्याला काही सांगू नकोस.

दुसरा ता. क. मी तुझं नाव यज्ञेशला देऊन टाकलंय. वय विचारलं, मी पन्नास सांगितलं. तिथे कुणी विचारलं तर तोंड सांभाळ.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, परत उघडलं. जोडीची अट यज्ञेशची नाही. एकट्या बाईला एकटीचा तंबू मिळतो, त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला तो नको म्हणून मीच नाही म्हणाले. तू आलीस तरच मी जाणार आहे.