रोजची बारीक गोळी

ब्राह्मणपुरी,
१८ जानेवारी २०२५

चि. भाग्येश यास आजीचे आशीर्वाद.

तुझ्या विसरभोळ्या डोक्याचा भरवसा नाही म्हणून आधी ओळख सांगते. मी कौसाबाई, तुझ्या बापाची आई. बाप म्हणजे मगन. तो आठवत असेल, तुला फोन लावत असतो. अक्षर तुझ्या बहिणीचं, काजलचं. बोलणं माझं. फोनवर तू "हो आजी, कळलं आजी" करून मला मधेच तोडतोस. कागदाला तोडता येत नाही.

परवा मगनवर ओरडलास म्हणे. "कमी डोस म्हणजे अर्धवट इलाज. आजीला सोडून दिलं का तुम्ही? मुंबईला न्या." अरे, केमोचे मोठे डोस तीन घेऊन झाले ना सुरतला? तेव्हा तू नाशिकहून का आला नाहीस, ते मी विचारत नाही. केस गेले, जाऊ दे, या वयात कोण बघतंय. पण तिसऱ्या डोसानंतर तोंड आतून असं सोललं की पाणीसुद्धा मिरचीसारखं लागे. आठ दिवस मगनने मला उचलून मोरीत नेलं. पन्नाशी उलटलेला पोरगा आईला उचलतोय, आणि आम्ही दोघं भिंतीकडे बघतोय. तेव्हा सुरतच्या डॉक्टरीणबाईंना म्हटलं, बस आता.

मग त्यांनी ही रोजची बारीक गोळी लावली. दर पंधरा दिवसांनी शहाद्याला रक्त तपासायचं, एवढंच. शेजारची भुरीबाई विचारते, "साखरनी गोळी शे का वं?" तिला वाटतं, रोजची गोळी म्हणजे मधुमेहाचीच. तिचं सोड, ती माझ्यासारखीच अडाणी. तू तर शिकलेला. पपईला ठिबक लावण्यावरून तू बापाशी दोन दिवस बोलला नव्हतास. एकदम पाट सोडला की मूळ सडतं, थेंब थेंब द्या, हे कोण म्हणालं होतं? मी?

आता ठेचा खाते. अंगणात बसून मिरचीचे देठ खुडते. छातीतली गाठ वाढलेली नाही.

कमीही झालेली नाही. हे मगनला माहीत नाही. मागच्या खेपेला दवाखान्यातून निघताना तो रिक्षा बघायला गेला, तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, ही गोळी गाठ घालवायची नाही, थोपवायची. थोपेल तितके दिवस." मी हो म्हटलं. आणि मगन गावभर सांगत सुटलाय, माय बरी होतेय. त्याला कुठल्या तोंडाने सांगू?

काजल, नाक पूस आणि लिही.

तर ते तू सांगायचं. फोनवर नाही, बापासमोर बसून. आणि लवकर ये. आता काजललाही कळलंय, आणि तिच्या पोटात काही राहत नाही.

तुझी आजी,
कौसाबाई
अंगठा माझाच आहे. हात मिरचीचा आहे, पत्र वाचून डोळे चोळू नकोस.

ता. क. येताना नाशिकचा चिवडा आण, तिखटातला. दिवाळीसारखा वर्षाचा पाच किलो एकदम टाकून पळू नकोस. पावशेरच आण. संपला की पुन्हा आण.