शब्द हवा तर माणूस आणा

प्रिय सर,

तुम्ही जाऊन आज अकरा दिवस झाले. शोकसभेत हेडसरांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. एरवी वर्गात माझं तोंड मिटत नाही, आणि तिथे मी नुसती चष्मा पुसत उभी राहिले. म्हणून हे पत्र. शिवाय काल स्टाफरूमचं कपाट आवरताना तुमची वही सापडली. तिच्याबद्दल तुम्हाला जाब विचारायचाय.

पोलादपूरच्या आपल्या शाळेत इंग्रजी विशेषणं पाठ करून मिळत नसत. शब्द हवा तर माणूस आणा, हा तुमचा कायदा. ज्याला ते विशेषण लागू पडतं, असा चालताबोलता माणूस आणून वर्गातल्या खुर्चीवर बसवायचा. मुलांनी त्याला प्रश्न विचारायचे. मग लाल शाईनं वहीत नोंद: शब्द, माणूस, आणणारा, आणि शेवटच्या रकान्यात 'दिला' किंवा 'नाही दिला'. आणणाऱ्यानं आणि खुर्चीत बसलेल्यानं मात्र त्या रकान्याला हात लावायचा नाही. असा इंग्रजीचा तास महाडपर्यंत शोधून सापडला नसता.

आठवीत मी माझ्या काकाला आणलं होतं. शिमग्याला मुंबईहून आला होता. माझा शब्द होता नॉस्टॅल्जिक. काका बसल्याबरोबर सुरूच झाला. "आमच्या टायमाला पालखी काय नाचायची! तो माहोलच अलग होता. आता ती मजा नाय राहिली." तुम्ही अगदी नम्रपणे विचारलंत, "मग कायमचे राहायला कधी येताय?" काका दचकला. "इथं? इथं काय हाय, सर?"

तुम्ही माझ्याकडे वळलात. "हा घे गो तुझा शब्द. दिला." पुढे कॉलेजात डिक्शनरी उघडली, तर तिथला अर्थ मला अळणी लागला.

मागे बघणाऱ्या शब्दांवर तुमचा फार जीव. सगळ्यांची मान सारखी वळत नाही, म्हणायचात. एसटी स्टँडवरचे रिटायर्ड कंट्रोलर आले, त्यांनी पावसात आंबेनळी घाटात सोडलेल्या एका गाडीची गोष्ट सांगितली. काय बघायला हवं होतं, काय बघितलं नाही, सगळं शांतपणे. हळहळ नाही, बढाईही नाही. त्यांना रेट्रोस्पेक्टिव्ह मिळाला. बिरवाडीत खोली घेऊन कारखान्यात कामाला जाणाऱ्या एक ताई आल्या. त्यांना कुणीतरी गाव विचारलं. त्या जरा हसल्या, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "हाय की गाव." पुढे काहीच नाही. त्या हुरहुरीला तुम्ही विस्टफुल लिहूनही टाकलंत. हे कुणाला जमतं, सर? मी इतकी वर्षं शिकवतेय, मला नाही जमलेलं.

मी शाळेत शिक्षिका म्हणून आले, तरी शब्द देऊन टाकायची माझी घाई काही सुटली नव्हती. दरड आली त्या वर्षी वरच्या वाडीतली एक मुलगी आपल्याकडे दाखल झाली. घर राहिलं नव्हतं तिचं. ती सारखी अंगणातल्या फणसाबद्दल बोलायची. मी तुम्हाला म्हटलं, ही नॉस्टॅल्जिक आहे, बसवू या का खुर्चीत? तुम्ही पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवलात. "त्या शब्दात गोडवा असतो. तिला गोड लागतंय का, विचारलंस? प्रत्येकाला शब्द द्यायलाच हवा असं नाही." त्या मुलीला तुम्ही कधीच खुर्चीत बसवलं नाहीत. रोज मधल्या सुट्टीत तिच्याशेजारी बसून डबा खाल्लात.

एवढं बघूनही मी काय केलं? नवा प्रोजेक्टर आला, तेव्हा भर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "सरांची पद्धत आउटडेटेड झालीय. एका तासाला एक शब्द, पोर्शन कधी संपायचा?" तुम्ही फक्त "बरं" म्हणालात. पुढच्या आठवड्यात ती खुर्ची ऑफिसात गेली, आणि वर्षअखेर तुम्ही रिटायर झालात. भेटलात की माझ्या मुलाची चौकशी करायचात. मी मनाची समजूत घालून घेतली की सरांना काही लागलं नाही. माफी मागायला चार पावलांवर तुमचं घर होतं, सर. मी गेले नाही.

आणि काल ती वही. शेवटची ओळ तुमच्याच वळणदार अक्षरात. शब्द: आउटडेटेड. माणूस: मी. आणणारी: वैशाली. शेवटचा रकाना कोरा.

का कोरा ठेवलात? सगळी वही चाळली, दुसरा एकही रकाना रिकामा नाही. 'दिला' लिहिलं असतंत तर मी रडून मोकळी झाले असते. 'नाही दिला' लिहिलं असतंत तर सुटले असते. माझा शब्दसुद्धा तुम्ही नियमानं नोंदवलात, आणि स्वतःच खुर्चीत असल्यामुळे निकाल द्यायचा नाही म्हणून थांबलात. नियम मोडला तो मी. तुम्हाला एकही प्रश्न न विचारता शब्द चिकटवून मोकळी झाले.

तो रकाना मी भरणार नाही. आणणारीला तो अधिकार नाही. सोमवारी ऑफिसातून खुर्ची परत नववीच्या वर्गात आणतेय, हेडसरांना सांगून झालंय. तुम्ही येऊ शकत नाही, म्हणून तुमच्या जागी मी बसेन. काका, कंट्रोलर, बिरवाडीच्या ताई, ती मुलगी, ती मीटिंग, सगळं खरं सांगेन. मुलं विचारतील ते विचारू देत. मग लाल पेन त्यांच्या हातात देईन. ती जे लिहितील ते मी खोडणार नाही, हा माझा शब्द.

आणि त्यांनी काहीही लिहिलं, तरी पुढच्या सोमवारी त्या खुर्चीवर नवा माणूस असेल.

तुमची घाईची विद्यार्थिनी,
वैशाली