अर्धा सूर खाली

मोम्पोस, डिसेंबरची सुरुवात

प्रिय एतेल्विना,

तुझा भाऊ गेल्यावर तू फोनवर आधी विचारलंस, “वहिनी, पियानो कसा आहे?” मी कशी आहे ते नंतर. म्हणून आधी पियानोचंच सांगते.

नदी उतरली, पण घरातली ओल उतरली नाही. पियानोच्या पोटात, खालच्या फळीमागे, बल्ब रात्रंदिवस जळत ठेवते, म्हणजे तारा गंजत नाहीत. वीज गेली की माझा जीव टांगणीला. पियानोच्या पायांखालच्या डब्यांत रॉकेल घालते, नाहीतर मुंग्या चढतात. पट्ट्या ओलसर फडक्याने पुसायच्या आणि लगेच कोरड्याने. हे सगळं माझ्या अन्सेल्मोचं काम. मी तुझ्या कपाटातली पुस्तकं काढून काढून आपली आपण वाचायला शिकले, पण हे काळं धूड माझ्याशी कधी बोललं नाही. त्या मोठ्या पुरात अन्सेल्मोने शेजाऱ्यांना हाका मारून आधी पियानो विटांवर चढवला. मी ओरडले, “अरे, गाद्या भिजतायत!” तर म्हणतो, “गाद्या वाळतात गं.” एका भिजक्या गादीवर आम्ही महिनाभर झोपलो. आता ती आख्खी मला मिळाली आहे आणि झोप येत नाही.

गेल्या आठवड्यात प्लुतार्को आला, तारा जुळवणारा. तुझ्या वेळी त्याला केस होते. पियानोत डोकं घालून म्हणाला, “एदुबाई, या म्हातारीचा कमरपट्टा किती आवळायचा? खुंट्या ढिल्या झाल्यात, तारा थकल्यात. एखादी माझ्या डोळ्यात उडेल, मग जुळवा तुम्हीच. सगळीच अर्ध्या सुराने खाली आणू द्या. चर्चच्या गाण्याशी जुळणार नाही, पण आपल्यापुरती सुरात राहील.”

हेच तो अन्सेल्मोला कित्येक वर्षं सांगत होता आणि तुझा भाऊ भडकायचा. “माझ्या बहिणीचा कान आहे तो! बसताक्षणी ओळखेल. आवळ गुपचूप!” मग तार तुटायची. मग दोघं भांडायचे, मी कॉफी करायची, आणि कॉफी पिऊन नवी तार ताणायचे. शेवटच्या खेपेला अन्सेल्मोला उठवत नव्हतं. खाटेवरूनच ओरडला, “आवळ!”

या वेळी प्लुतार्कोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आण खाली. दोन दिवस तो तारा सैल करत होता आणि मी स्वयंपाकघरात केळी तळत ऐकत होते. मला वाटलं होतं, रडू येईल. नाही आलं. कुणीतरी घट्ट बूट काढावेत, तसं वाटलं.

तुला न विचारता केलं. तुझा पियानो आहे, राग आला तर बोल. पण हे पत्र त्यासाठी नाही. दर नाताळात तू फोनवर म्हणायचीस, “दादा, पुढच्या वर्षी नक्की येते.” तो दुसऱ्या दिवशी सकाळीच प्लुतार्कोला निरोप धाडायचा. दर वर्षी. तुला हे कधी सांगितलं नाही त्याने, मलाही सांगू दिलं नाही. नाताळ जवळ आला आहे, तू फोन करशीलच. यंदा तसं म्हणू नकोस, एतेल्विना. यायचं असेल तर तारीख सांग, मी धक्क्यावर उभी राहीन. नसेल, तर नाही म्हण. मला झेपेल.

थकले आहे, पण तुझीच,
एदुविहिस